वहिनी ‘झालं’ म्हणेपर्यंत

आलोचकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर सहसा येत नसे. तुम्ही त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून “अहो, आमचा काटा जरा” एवढं म्हणालात की आतून “आलोच!” असा आवाज येई, आणि पुढचा शब्द तुमच्या तोंडातून फुटायच्या आत काका पेचकस, मीटर आणि कापडी पिशवी घेऊन रस्त्याला लागलेले असत. एकदा सुतळी आणि दोऱ्या विकणाऱ्या बाईंनी असंच “आमचा काटा जरा” म्हटलं. काका ताडताड त्यांच्या दुकानात गेले, काटा उघडला, पुसला, जुळवला, झाकण लावलं. तेवढ्यात बाई धापा टाकत मागून पोचल्या आणि म्हणाल्या, “अहो, दुकानात रंगकाम काढलंय, काटा जरा चार दिवस तुमच्याकडे ठेवता का, एवढंच विचारायला आले होते.” काकांनी मुकाट्यानं काटा काखोटीला मारला आणि परत आले.

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्यात घाई म्हणजे खरं तर अवगुणच. पण काकांची घाई काम उरकणाऱ्याची नव्हती, काम आवडणाऱ्याची होती. दांडीच्या तराजूंपासून त्यांनी सुरुवात केली. मग स्प्रिंगचे काटे आले, मग लाल आकडे दाखवणारे आले. दर वेळी बरोबरीचे दोन-चार कारागीर “हे आपल्याला झेपायचं नाही” म्हणून बाजूला झाले आणि काका मात्र नव्या यंत्राचं झाकण उघडून आत नाक खुपसून बसले. अलीकडे तर ते मायक्रोकंट्रोलरशी खेळू लागले होते. काडेपेटीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर नखाएवढा काळा चौकोन, आणि त्या चौकोनाला आपण जे लिहून द्यावं तसं वागायचं एवढंच ठाऊक. काका त्याला “आमचा नोकर” म्हणत. “सांगितलं तेवढंच करतो, उलटून बोलत नाही. आमच्या घरात असं कुणी नाही.”

घरात होत्या काकू. घाऊक बाजाराच्या फाटकापाशी जो भुईकाटा आहे, तिथे त्या कामाला होत्या. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट. अख्खा ट्रक त्याच्यावर चढतो आणि मालासकट तोलला जातो. वजनाचा आकडा उमटतो तो खोलीच्या आत, एका पेटीवर. बाहेर ट्रकचा ड्रायव्हर, माल विकणारा आणि माल घेणारा असे तिघेही कान टवकारून. म्हणून खोलीतून तो आकडा कर्ण्यावर मोठ्यानं वाचायचा, हे काकूंचं काम. “चौदा हजार दोनशे ऐंशी,” असं त्या खणखणीत आवाजात म्हणत, आणि शेवटी म्हणत, “झालं.”

ते “झालं” त्यांनी स्वतः आणलेलं होतं. त्या नव्यानं कामाला लागल्या तेव्हा ड्रायव्हर आकडा अर्धामुर्धा ऐकूनच गाडी पुढे घ्यायचे, पेटीवरचा आकडा डळमळायचा, मग पुन्हा मागे घे, पुन्हा चढव, हॉर्न, हमरीतुमरी. एक दिवस काकूंनी कर्ण्यावरून जाहीर केलं, “मी झालं म्हणेपर्यंत इथलं एकही चाक हलणार नाही.” त्या दिवसापासून हललं नाही. कुणाच्या बापाला न भिणारे दांडगे ड्रायव्हर वहिनींच्या “झालं”साठी स्टिअरिंगवर हात ठेवून गपगुमान बसून राहत. सगळा बाजार त्यांना वहिनीच म्हणे.

घरी मात्र “झालं”पर्यंत कुणीच थांबत नसे. त्या घरात वर्षानुवर्षं पुरं वाक्य असं फारसं बोललंच गेलं नव्हतं.

“अहो, ती कपाटावरची—”

“माळ्यावर टाकली.”

“आणि तुमच्या बहिणीला—”

“उद्या करतो फोन.”

काकूही काही कमी नव्हत्या. काकांनी “मला वाटतं” म्हणायचा अवकाश, “मुळीच नाही” तयार. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहत होती. ती घरी आली की म्हणे, “तुम्हा दोघांचं बोलणं म्हणजे मधली पानं फाटलेलं पुस्तक आहे.” दोघांना त्याचं कोण कौतुक! आपलं माणूस काय बोलणार हे त्यानं बोलायच्या आधी कळणं, यालाच ते संसार समजत होते, आणि त्यात काही खोटंही नव्हतं.

मग एका सकाळी कर्ण्यावर काकू “नऊ हजार” म्हणाल्या आणि थांबल्या. ड्रायव्हर थांबला. मागच्या गाड्या थांबल्या. बराच वेळ कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली, पण कुणी हॉर्न वाजवला नाही, कारण वहिनींनी “झालं” म्हटलेलं नव्हतं. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी गेला, तेव्हा काकू खुर्चीत एका बाजूला कलल्या होत्या.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय जरा ओढत चालावं लागू लागलं, तेही काकांनी सोसलं असतं. पण मेंदूत जी गुठळी झाली होती तिनं काकूंच्या बोलण्याची वाटच मोडून टाकली होती. समजत सगळं होतं. राग पूर्वीइतकाच येत होता. फक्त शब्द जिभेपर्यंत येता येता अडत. एक यायचा, मग लांबलचक शांतता, मग नशिबात असेल तर दुसरा.

हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या, वयानं काकांच्या लेकीएवढ्या. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. “त्यांनी वाक्य सुरू केलं की तुम्ही थांबायचं. कितीही वेळ लागू दे. हे पहिले महिने फार मोलाचे असतात. त्यांनी प्रयत्नच सोडून दिला तर जे उरलंय तेही—”

“समजलं,” काका म्हणाले. “बोलत ठेवायचं. आलं लक्षात.”

त्यांना सगळं समजलं होतं, थांबायचं तेवढं सोडून.

घरी आल्यावर काकूंच्या तोंडून जो शब्द सगळ्यांत आधी नीट निघू लागला तो “चहा”. सकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत, डावा हात टेबलावर ठेवत, काकांकडे बघत आणि म्हणत, “चहा...” की काका उठलेच. “आलोच! आज साखर जरा जास्त घालतो.” वाफाळता कप काकूंच्या पुढ्यात येई. काकूंचा चेहरा पडे, आणि त्या डाव्या हातानं कप बाजूला सारत. काकांना वाटे, गोड कमी झाला. दुसऱ्या दिवशी साखर वाढे. मग त्यांनी दूध बदललं, मग चहाची पावडर बदलली. एकदा ते मोठ्या हौसेनं नवा कप घेऊन आले, पकडायला सोपा, दोन कानांचा, लहान मुलांचा असतो तसला. त्या दिवशी काकूंनी टेबलावर अशी मूठ आपटली की बशी खाली पडून फुटली, आणि मग त्या रडल्या. काका शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आपल्या बायकोला नक्की कसला चहा हवाय हे आपल्याला कळू नये, याचंच त्यांना राहून राहून वाईट वाटत होतं.

इकडे भुईकाट्यावर काकूंच्या जागी जो कारकून बसवला होता, तो आकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटत असे. रोज बाचाबाची, रोज नव्यानं तोलणं. बाजाराचे व्यवस्थापक वैतागून एक दिवस काकांच्या घरी आले. काकूंची चौकशी करून झाल्यावर म्हणाले, “बोलणारी पेटी मिळते म्हणे तयार. आकडा आपला आपण वाचते. एक मागवावी म्हणतो.”

“तयार कशाला? मी करतो,” काका म्हणाले. “आणि आवाज हिचाच घालतो.”

व्यवस्थापकांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “वहिनींना बोलता येतं का आता?”

“येईल.”

हे “येईल”सुद्धा नेहमीप्रमाणे विचार करायच्या आधीच निघून गेलं होतं. पण या एका घाईचं काकांना वाईट वाटलं नाही. काकू दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. लेकीचा फोन आला तरी नुसती मान हलवत, फोनवर मान हलवून काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही. काहीतरी असं काम घरात यायला हवं होतं, ज्याला त्यांच्याच तोंडचे शब्द लागतील.

बोलणाऱ्या पेटीला आकड्यांचे सगळे शब्द लागणार होते. आपल्या भाषेत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव. एकोणसाठ म्हणजे एकोणसाठच, पन्नासाला नऊ जोडून भागत नाही. काकांनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाले, “सत्तेचाळीस म्हण.” काकूंचे ओठ हलले, आवाज आला नाही. “सत्तेचा...” काकांनी सुरुवात करून दिली आणि स्वतःच पुरं केलं. असं काही वेळ चाललं आणि मग काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तोड काढली ती हॉस्पिटलातल्या बाईंनीच. “सुटा आकडा त्यांना सापडायचा नाही. पण मोजायला सांगून बघा. लहानपणी पाठ झालेलं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं.” काकांनी घरी येऊन रेकॉर्डर लावला, “एक” म्हणाले, आणि काकू सुरू झाल्या. दोन, तीन, चार. हळू, पण न अडखळता. अकरा, बारा, तेरा. काका खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. एकोणतीसला काकूंनी जरा श्वास घेतला आणि एकोणचाळीसला त्या चक्क हसल्या. आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता, पण त्यातला खणखणीतपणा तसाच होता. शंभर आले तेव्हा काकांचे डोळे भरून आले होते, आणि नाक पुसता यावं म्हणून ते उगाचच खिडकी उघडायला गेले.

पुढच्या काही सकाळी शंभर, दोनशे, तीनशे अशी शेकड्यांची रांगही झाली, हजारांचीही झाली. घोडं अडलं ते एकाच शब्दावर.

“आता शेवटचं. झालं म्हण,” काका म्हणाले.

“झालं”च्या आधी मोजत येण्यासारखं काही नसतं. काकूंनी डोळे मिटले. “झ...” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “झ...” कपाळावरची शीर फुगली.

“झालं,” काका म्हणाले. “म्हण ना. झा-लं. सोपंय. झालं!”

काकूंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. आपण हिच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलं, असं काकांना त्या नजरेनं वाटलं, पण काय ते उमजेना. काकूंनी डाव्या हातानं रेकॉर्डरचं बटण बंद केलं, आणि त्या दिवसापासून त्या “चहा”सुद्धा म्हणेनाशा झाल्या. हॉस्पिटलातल्या बाईंचं जे वाक्य काकांनी मधेच तोडलं होतं, ते आता त्यांना आपोआप पुरं ऐकू येऊ लागलं. प्रयत्न सोडला तर उरलंय तेही जाईल, असंच त्या म्हणणार होत्या.

घरातली शांतता सोसवेना म्हणून ते दुकानात त्या हिरव्या पाटीवर वाकून बसू लागले. काम तसं सरळ होतं. काट्याची पेटी वजन पाठवते ते एका तारेवरून, एकामागून एक, एकेक खूण. चौदा हजार दोनशे ऐंशी असं काही ती म्हणत नाही. ती म्हणते एक. मग म्हणते चार. मग दोन, आठ, शून्य. ऐकणाऱ्यानं ते जुळवत जायचं. एक आला की हाती एक. चार आला की त्या एकाला दहानं गुणायचं आणि चार मिळवायचे, हाती चौदा. दोन आला की चौदाचे एकशे चाळीस करायचे आणि दोन मिळवायचे. शेवटचा अंक येईपर्यंत पहिल्या अंकाची खरी किंमत कळत नाही. तो नुसता एक असेल, नाहीतर दहा हजारही असेल.

आता संख्या संपली हे कसं ओळखायचं? ते काकांनी काकांसारखंच ठरवलं. पुढचा अंक पटकन आला नाही की संपली समजायचं आणि बोलून टाकायचं. अंकांखेरीज तारेवरून आणखी जे काही येईल, मोकळ्या जागा, कसल्याकसल्या न दिसणाऱ्या खुणा, तो सगळा कचरा, टाकून द्यायचा. दुकानातल्या कोऱ्या पेटीला जोडून पाहिलं तर काम फक्कड चाललं. पेटी भराभर अंक फेकत होती, नोकर भराभर झेलत होता, आणि स्पीकरमधून काकूंचा आवाज येत होता, “बारा हजार पाचशे चाळीस.” गरज नसताना काकांनी तो कितीतरी वेळा ऐकला.

भुईकाट्यावर यंत्र बसवायच्या दिवशी बाजारातले सगळे रिकामटेकडे जमले, आणि ज्यांना कामं होती तेही जमले. पहिला ट्रक चढला, बटाट्यांनी भरलेला. कर्णा खरखरला आणि वहिनींचा आवाज आला. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून फाटकाशी एकदम शांतता पसरली. “चौदा,” वहिनी म्हणाल्या. आणि जरा थांबून म्हणाल्या, “दोनशे ऐंशी.”

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काका, चौदा किलो तर माझा एक पाय भरेल!”

हशा पिकला. काका ओशाळे होऊन खोलीत शिरले. कारण शोधायला वेळ लागला नाही. भुईकाट्याची पेटी जुनी होती. वर ट्रक डुलत असला की तिला आतल्या आत गणितं करत करत अंक पाठवावे लागत. दोन पाठवी, अडे, मग पुढचे पाठवी. ती अडली रे अडली की काकांचा उतावळा नोकर संपलं समजे आणि बोलून मोकळा होई. काकांनी थांबायचा वेळ थोडा वाढवला. कधी चाले, कधी पुन्हा तुटे. आणखी वाढवला, तर उलटंच होऊ लागलं. एक वजन संपून दुसरं सुरू झालं तरी नोकर आपला थांबलेलाच, आणि दोन्ही वजनं एकमेकांना चिकटून असा अगडबंब आकडा तयार होई की त्यासाठी नोकराकडे शब्दच नव्हते. कर्ण्यातून नुसती खरखर.

“राहू द्या काका,” व्यवस्थापक समजुतीच्या सुरात म्हणाले. “तयार पेटी मागवू.”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंच्या आवाजाला जगात आता ही एवढीच जागा उरली होती. “दुपारपर्यंत थांबा,” ते म्हणाले. आलोचकाकांनी कुणाला थांबायला सांगितलं असेल तर ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

तारेवरून जे जे येत होतं ते सगळं त्यांनी काहीही न गाळता लॅपटॉपच्या पडद्यावर उतरवून घ्यायला सुरुवात केली, कचऱ्यासकट. मग खिडकीशी बसून बघत राहिले. एक. चार. इथे पेटी अडली. काकांचा हात सवयीनं पुढे गेला, तो त्यांनी मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. दोन. आठ. शून्य. आणि त्यानंतर एक खूण. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, तिचा सांकेतिक क्रमांक पडद्यावर उमटवला तरच कळणारी, ओळ संपली एवढंच सांगणारी. पुढच्या वजनानंतर पुन्हा तीच. त्याच्या पुढच्या नंतर पुन्हा. पेटी मधे कितीही अडखळो, बोलून संपलं की ती स्वतःच तसं सांगत होती. पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि काका ते कचऱ्यात टाकत होते.

“अरे, हे तर हिचं ‘झालं’ आहे,” काका पुटपुटले. व्यवस्थापकांनी दोनदा विचारलं, “सापडलं का काही?” काकांना ऐकू गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे भुईकाट्याची पेटी नव्हतीच. स्वयंपाकघरातलं टेबल होतं, आणि टेबलावर ठेवलेला एक डावा हात होता.

प्रोग्रॅमातून त्यांनी घड्याळच काढून टाकलं. अंक आला की जुळव. काही आलं नाही तर गप्प बस, लागेल तितका वेळ गप्प बस. ती खूण आली की मगच तोंड उघड. प्रोग्रॅम आधीपेक्षा लहान झाला.

पुढचा ट्रक चढला. पेटी अडली, नोकर थांबला, पेटी पुढे सरकली. “अकरा हजार सहाशे वीस,” वहिनी कर्ण्यावरून म्हणाल्या. टाळ्या पडल्या. व्यवस्थापकांचा जीव भांड्यात पडला. ट्रक मात्र होता तिथेच.

“घ्या की पुढे!” व्यवस्थापक ओरडले.

“वहिनी झालं म्हणाल्या नाहीत,” ड्रायव्हर म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. मागच्या रांगेतही कुणी हॉर्न वाजवला नाही. शेवटी कारकुनानं माइक ओढून “झालं” म्हटलं, तेव्हा ड्रायव्हर “तुझं कोण विचारतंय” असं पुटपुटत नाइलाजानं निघाला.

काका घरी आले तेव्हा उतरतं ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आलं होतं. काकू टेबलाशी बसल्या होत्या. काकांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि समोर बसले. काही म्हणायला सांगितलं नाही.

“माझं यंत्र आज तुटक बोलत होतं,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर फजिती झाली. चूक माझीच होती. पेटी जरा अडली की मला वाटायचं, संपलं तिचं.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “तुझंही मी असंच करतोय ना गं?”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. किती दिवसांनी ठेवला.

“चहा...”

काकांचे गुडघे सरळ होऊ लागले होते. “आ”पर्यंत आलेला शब्द त्यांनी गिळला, आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. नळातून थेंब पडत होता. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकूंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आयुष्यात इतकं अवघड काम आपण केलेलं नाही, असं काकांना वाटलं.

“मी...”

चहा मी घेणार नाही. चहा मी कधी मागितला होता. चहा मी बिनसाखरेचा. तीन वाक्यं काकांच्या तोंडाशी आली, आणि तिन्ही त्यांनी कचऱ्यात टाकली.

“करते.”

काका हलले नाहीत. चहा मी करते. सगळी वाढवलेली साखर, सगळ्या बदललेल्या पावडरी, तो दोन कानांचा कप, एकेक करून त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं. इतके दिवस ती एवढंच सांगत होती, आणि ते दर वेळी तिच्या हातातलं काम उचलून धावत सुटत होते. त्यांना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

“कर,” ते म्हणाले.

काकू उठल्या. पाय ओढत ओट्याशी गेल्या. डाव्या हातानं पातेलं काढलं, त्याच हातानं नळ सोडला, त्याच हातानं बंद केला. शेगडी पेटायला वेळ लागला. चमचा खाली पडला. काका खुर्चीतून उठले नाहीत. दूध ओट्यावर सांडलं; काका उठले नाहीत. फरशीवरचं ऊन भिंतीवर चढलं. अखेर काकू कप-बशी घेऊन वळल्या आणि एकेक पाऊल टाकत टेबलापर्यंत आल्या. निम्मा चहा बशीत होता. त्यांनी ती काकांच्या पुढ्यात ठेवली, कप बशीवर किणकिणला, आणि त्या सरळ उभ्या राहिल्या.

“झालं,” काकू म्हणाल्या.

काकांनी आधी बशीतला चहा प्यायला, मग कपातला. साखर घालायची राहून गेली होती. “फक्कड,” ते म्हणाले. रेकॉर्डर अजून चालूच आहे, हे कप रिकामा झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

काकूंचं बोलणं अजून तसं तुटकच आहे, पण ते रोज चालतं. लेकीचा फोन आला की त्या घरातलं इत्थंभूत सांगतात, आणि फोन लांबतो. काकांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून तुम्ही “आमचा काटा जरा” म्हणालात, तर काका हातातला पेचकस खाली ठेवतात आणि तुमच्याकडे बघत बसतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना कमी ऐकू येतं.

आणि भुईकाट्यावर हल्ली आकडा सांगून झाला की कर्ण्यावरून वहिनींचं “झालं” येतं. नीट ऐकलंत तर त्याच्या अगदी आधी कप-बशीची बारीक किणकिण ऐकू येते. व्यवस्थापक म्हणाले होते, तेवढा आवाज काढून टाका. काकांनी, निघत नाही, असं साफ खोटं सांगितलं. ती किणकिण झाली की ड्रायव्हर गिअरवर हात नेतात आणि “झालं” आलं की गाडी काढतात. वहिनी आता चहा घेता घेता वजनं सांगतात, असं ते एकमेकांना कौतुकानं सांगतात. तेवढं मात्र चूक आहे. चहा घेतात ते काका. वहिनी तो करतात.